यादीत मी 'श्री.' होते

"मॅडम, सर गाडी पार्क करून राहिले काय?"

कंपनीच्या सहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरच्या केंद्रात पोचले, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलानं हे दोनदा विचारलं. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यामागं कुणी जोडपं उभं आहे. वळून बघितलं तर काचेचं दार, दारापलीकडं मला सोडून वळणारी रिक्षा, बाकी कुणी नाही. "कुठले सर?" म्हटल्यावर त्यानं टेबलावरची यादी माझ्याकडं फिरवली. चौदाव्या ओळीत माझं नाव, माझी शाखा, माझा एम्प्लॉयी कोड. सगळं बरोबर. फक्त नावाच्या आधी 'श्री.' आणि शेवटच्या रकान्यात खोली क्रमांक 214, सोबत जळगाव शाखेचे एक सर. ते सर दुपारीच येऊन झोपले होते म्हणे.

माझं नाव मुद्दाम सांगत नाही. आमच्या पिढीत अशी पाच-सहा नावं होती, जी मुलग्यालाही चालायची आणि मुलीलाही. त्यातलं एक आजोबांनी मुलगाच होणार असं धरून आधीच ठरवून ठेवलं होतं. मुलगी झाली, नाव तेच राहिलं. या गृहकर्जाच्या कंपनीत मला 19 वर्षं झाली. शाखा कोल्हापूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी. याच कंपनीच्या एचआरनं मला दोन वेळा बाळंतपणाची रजा मंजूर केलेली आहे. मधे कधीतरी सॉफ्टवेअर बदललं आणि बसल्या जागी कुणीतरी नाव बघून रकाना भरला. पगार वेळेवर येत होता, त्यामुळं मीही कधी तपासायला गेले नाही.

तो पोरगा बिचारा कानापर्यंत लाल झाला. "एक मिनिट हं जी," म्हणत फोन लावत राहिला. खोली शिल्लक नव्हती. केंद्र आमच्या कंपनीचं नव्हे, भाड्यानं घेतलेलं. वर्धा रोडवर, खापरीच्या पुढं, आजूबाजूला थोडी शेतं आणि बरेचसे प्लॉट विकणाऱ्यांचे फलक. खालचे दोन मजले आमच्याकडं, वरचा मजला औषधं विकणाऱ्या एका कंपनीच्या पोरांकडं. बरं, शहरात एखाद्या हॉटेलात सोय करावी, तर तारीख होती 10 डिसेंबर 2023. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन 7 तारखेला सुरू झालेलं. ज्यानं डिसेंबरात नागपूर बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. आमदार, आमदारांचे पीए, पीएंचे मेहुणे, मोर्चेवाले, बंदोबस्ताचे पोलीस, पत्रकार... धर्मशाळेत सतरंजीसुद्धा मोकळी सापडत नाही. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं असं 1953 च्या नागपूर करारात ठरलं. त्याची झळ 70 वर्षांनी कोल्हापूरच्या एका बाईच्या उशीला लागेल, हे सह्या करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसणार.

आणि मी दमले होते हो. शनिवारी दुपारी कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले ती रविवारी दिवस कलल्यावर नागपूरला उतरले. ही गाडी मिरज, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी प्रत्येकाची ख्यालीखुशाली विचारत जाते. कंपनीला विमानाचं सुचवून बघितलं होतं, पण माझ्या ग्रेडला एसी थ्री टियर. उतरल्यावर रिक्षावाल्यानं (तिकडं ऑटो म्हणायचं, रिक्षा म्हटलं की ते सायकल रिक्षा समजतात) "अधिवेशन हाय ना ताई" एवढ्याच कारणावर जे भाडं सांगितलं ते मी निमूट दिलं. वर्धा रोडला एकाच खांबावर दोन मजले आहेत, मधे गाड्यांचा उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो. 3.14 किलोमीटर हे असंच चालतं आणि त्याचं नाव गिनीज बुकातही गेलंय. रिक्षावाल्यानं तो पूल मला स्वतः बांधल्यासारखा दाखवला. मी मान हलवत होते. डोळ्यांपुढं फक्त बादलीभर गरम पाणी आणि गादी.

शेवटी समन्वयक आले. चाळिशीचे, गळ्यात तीन आयकार्डं. आधी त्यांनीही माझ्याकडं जरा संशयानं बघितलं, जणू यादीच खरी असावी. मग म्हणाले, "109 मध्ये दोन मॅडम आहेत, तिथे एक्स्ट्रा कॉट टाकतो. चालेल ना?" न चालून सांगते कुणाला.

109 चं दार उघडलं ते यवतमाळच्या बाईंनी. पन्नाशी ओलांडलेली, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. मी 'सॉरी' म्हणायच्या आत म्हणाल्या, "या न जी, या. आमच्या घरी एवढ्या जाग्यात सात जण झोपत होतो." आत खिडकीपाशी अकोल्याची एक पोरगी मोबाईल चार्जिंगला लावून भिंतीला टेकलेली. नोकरीला तीन वर्षं झालेली, आमच्यातली सगळ्यात शिकलेली आणि सगळ्यात घाबरलेली. दोन पोरांनी घडीची लोखंडी कॉट आणून बाथरूमच्या दारासमोर टाकली. पुढचे सहा दिवस रात्री कुणाला उठायचं झालं की माझ्या पायांवरून जायचं, हे तिथंच ठरलं.

पहिल्या रात्री मेसमध्ये मी हसं करून घेतलं. वाढणाऱ्या दादाला यवतमाळच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, वरणावर सांबार टाका न थोडा." मला कळेना. वरणावर सांबार? डाळीवर आणि डाळ कशाला घालून घेतात ह्या? माझी नजर इडलीवाल्या सांबाराचं पातेलं शोधत होती आणि दादानं चिमूटभर कोथिंबीर भुरभुरवली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला 44 व्या वर्षी कळलं. मग एकेक उघडत गेलं. बटाटा म्हणजे आलू, शेंगदाणे म्हणजे फल्लीदाणे, आणि सांबारवडी म्हणजे कोथिंबीर ठासून भरलेली, वरून खुसखुशीत, आतून तिखट, आपल्या कोथिंबीरवडीशी काही नातं न सांगणारी बाई. ती बुधवारी मिळाली. मी चार खाल्ल्या. मोजणारं कुणी नव्हतं.

*

वेळापत्रक प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवायला दिलं होतं. सहा वाजता चहा, साडेसहाला योग, आठला नाश्ता, सव्वानऊला हॉलमध्ये बोटाचा ठसा. योग ऐच्छिक होता, हजेरीपटावरची सही मात्र सक्तीची. मोबाईल हॉलच्या दारातल्या लाकडी खुराड्यात ठेवायचा, प्रत्येकाला नंबराचा कप्पा. माझा 14. रात्री दहाला फाटक बंद. माझ्यासारख्या दोन पोरांच्या आईला कुणी 'दहाच्या आत' असं शेवटचं कधी सांगितलं होतं, आठवेना.

एक बाथरूम, तीन बायका आणि 15 लिटरचा गीझर. याचं गणित आम्ही सोमवारी पहाटे चुकवलं आणि मंगळवारी जमवलं. डिसेंबरात नागपूरची पहाट चांगलीच झोंबते. उन्हाळ्याच्या गोष्टी ऐकून गेलेल्या माझ्यासारखीनं एकच शाल नेली होती. तर ठरलं असं: यवतमाळच्या बाई साडेपाचला, कारण त्या उठतातच. मग वीस मिनिटं गीझरला विश्रांती. मग मी. अकोल्याची शेवटी, आणि तिच्या वेळेला पाणी कोमट आलं की ती आतून "ताई!" एवढंच ओरडायची. तिसऱ्या दिवशी बाईंनी कुठूनशी दुसरी बादली पैदा केली. आपली आंघोळ झाली की ती गरम पाण्यानं भरून, वर स्टीलचं ताट झाकून, तिच्यासाठी ठेवून द्यायच्या. ताट मेसमधलं होतं. शनिवारी परत केलं.

सहाचा चहा म्हणजे दारावर टकटक आणि थर्मास. ही गोष्ट लिहावी की नको असं वाटत होतं, पण लिहितेच. लग्नाला 20 वर्षं झाली. अंथरुणात असताना दुसऱ्या कुणी केलेला चहा हातात आला, असं दोन बाळंतपणं आणि एक टायफॉइड सोडला तर घडलेलं नाही. नवरा वाईट नाही. पण चहा मीच करते, ते तसंच पडून गेलंय. सोमवारी टकटक झाली तेव्हा मी धडपडून उठले, पदर सावरला आणि ट्रे घ्यायला पुढं झाले. थर्मास घेऊन आलेला पोरगा म्हणाला, "तुम्ही बसून राहा मॅडम, मी ठेवून देतो न." बुधवारपर्यंत मी बसून राहायला शिकले. गुरुवारी सहा वाजून पाच मिनिटं झाली तरी टकटक झाली नाही आणि माझ्या कपाळावर आठी पडली. ती आठी मला स्वतःलाच समोरच्या आरशात दिसली.

घरून फोन यायचे. तोही फोन खुराड्यात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत. मीटरचं बिल कुठल्या ड्रॉवरात, बारकीच्या शाळेचा लाल टी-शर्ट कुठं, कुकरच्या शिट्टीतून पाणी का येतंय. पहिल्या दिवशी 11 कॉल, दुसऱ्या दिवशी सात. गुरुवारी एक, तोही चुकून लागलेला.

*

वर्गाबद्दल खरं सांगायचं तर सहा दिवसांतला मजकूर अडीच दिवसांचा होता. पहिली सकाळ ओळखीत गेली. आपल्याला प्राणी व्हायचं असतं तर कोणता, वगैरे. जळगावचे सर, म्हणजे माझे होऊ घातलेले रूम पार्टनर, म्हणाले, "बैल." आणि बसले. त्यांना सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. माणूस सज्जन. मला बघून पहिल्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, मी घोरतो. वाचलात."

टेबलावरच्या नावाच्या पाटीवरही 'श्री.' होतं. मी ते बॉलपेननं खोडायला घेतलं तर प्रशिक्षक सर म्हणाले, नवीन छापून येईल. आली नाही.

हॉलमध्ये एसी इतका की बाहेर उन्हात उभं राहिलं की बरं वाटायचं. जेवणानंतर डोळे मिटू नयेत म्हणून उभं करून टाळ्या वाजवायला लावायचे. वरच्या मजल्यावरून औषधवाल्या पोरांच्या घोषणा यायच्या, महिन्याचा टार्गेट आकडा आणि मागोमाग "होणार! होणार!" आमच्याकडं कुणी काही होणार म्हणत नव्हतं. कर्ज देणारी माणसं मुळात जपून बोलतात.

पण गुरुवारची दुपार वेगळी होती, तिच्यासाठी हे लिहायला बसले.

विषय होता मूळ कागद परत देण्याचा. बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. माणूस घर घेताना कर्ज काढतो तेव्हा खरेदीखत, इंडेक्स टू (म्हणजे नोंदणीचा उतारा) वगैरे मूळ कागद आम्ही आमच्याकडं ठेवून घेतो. ते शाखेत नसतात, मुंबईकडं एका गोदामात कंपनीच्या पेट्यांत असतात. कर्ज फिटलं की ते मागवायचे आणि ग्राहकाला द्यायचे. किती दिवसांत द्यायचे याला पूर्वी धरबंद नव्हता. रिझर्व्ह बँकेनं 13 सप्टेंबर 2023 ला परिपत्रक काढलं. पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत सगळे मूळ कागद परत, आणि उशीर आमच्यामुळं झाला तर दिवसाला 5,000 रुपये ग्राहकाला. 1 डिसेंबरपासून लागू. म्हणजे आम्ही वर्गात बसलो तेव्हा हा नियम जेमतेम दोन आठवड्यांचा होता, आणि सगळ्यांच्या पोटात गोळा होता. 5,000 कुणाच्या माथी मारणार, शाखेच्या की गोदामाच्या, यावरच अर्धा तास भांडण झालं.

मग सर म्हणाले, आता रोल प्ले. एक ग्राहक, एक शाखा व्यवस्थापक. चिठ्ठीत मला ग्राहक आला. व्यवस्थापक झाली अकोल्याची पोरगी. खुर्च्या समोरासमोर, मधे टेबल, भोवती 31 माणसं.

मला काय बोलायचं ते ठरवायला दोन मिनिटं दिली होती. त्या दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढं आमच्याकडचा एक यंत्रमागवाला आला. आठ माग, पत्र्याची शेड, कर्ज 15 वर्षांचं. त्यानं ते तीन वर्षं आधी फेडलं, कारण मुलीच्या लग्नाला दुसरीकडून पैसे उभे करायचे होते आणि त्यासाठी हेच कागद हवे होते. ही आदल्या वर्षीची गोष्ट, नियम यायच्या आधीची. चार महिने तो दर सोमवारी यायचा. सोमवार म्हणजे आमच्याकडं बाजाराचा दिवस. पिशवीत भाजी, वर मेथीची जुडी डोकावतेय, आणि शर्टाला सुताचा कोंडा चिकटलेला. खुर्चीवर बसायचा नाही, कोंडा लागेल म्हणून. मी प्रत्येक वेळी सांगायचे, "मुंबईला मेल केलाय, पुढच्या आठवड्यात बघू." मेल मी खरंच करत होते. मुंबईहून उत्तर यायचं, 'अंडर प्रोसेस'. ते उत्तर मी त्याला मराठीत करून सांगायचे.

तर मी खुर्ची मागं सारली आणि उभीच राहिले. अकोल्याची म्हणाली, "बसा ना सर." तिनंही मला सरच केलं, पाटी बघून. लोक हसले. मी म्हटलं, "नको. कपडे खराब हायेत."

पुढं काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. ती पोरगी पुस्तकातलं सगळं बोलत होती, "आपली अडचण मी समजू शकते," "आपली विनंती नोंदवली आहे." आणि माझ्या तोंडून त्याचं वाक्य निघालं, जसंच्या तसं, त्याच्या आवाजात. "मॅडम, हप्ता भरायला मी एकदाबी उशीर केला न्हाई. एकदा पावती काढून दाखवा. आता उशीर तुमी करताय, तर तुमाला कोन दंड लावनार?"

त्यानं हे मला विचारलं होतं तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं? "काका, आमच्या हातात नाही हो ते." आणि चहा मागवला होता. त्यानं चहा घेतला नव्हता.

अकोल्याची गप्प झाली. तिच्या पानावर याचं उत्तर नव्हतं. मग तिनं टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि म्हणाली, "काका, आज काय तारीख आहे? लिहून देते मी. या तारखेला नाही आले तर रोजचे 5,000." आणि खरंच लिहिलं, खाली सही केली. 1 तारखेआधी असा कागद लिहायला कायद्याचा आधार नव्हता, हे मला माहीत होतं. तरी वाटलं, लेखी तारीख तरी मी त्याला देऊ शकले असते. मुंबईला मेलऐवजी फोन लावून, त्याच्यासमोर स्पीकरवर टाकू शकले असते. हे तेव्हा का सुचलं नाही?

सर म्हणाले, "एक्सलंट! मॅडम, तुम्ही नाटकात काम करता का?" मी नाही म्हटलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले. तो कागद मी पर्समध्ये ठेवला. तिची सही सुंदर आहे.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "कोण होता तो?" मी सांगितलं. त्या पांघरूण ओढत म्हणाल्या, "आमच्याकडं कापसाचा पैसा हातात आला का लोक पहिले हप्ता भरतात. बियाण्याची उधारी राहते मागं. आन् त्याईलेच आपण कागदासाठी फिरवतो." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अकोल्याच्या मोबाईलचा उजेड विझला आणि ती अंधारातून म्हणाली, "ताई, मी खरं तर घाबरून लिहून दिलं."

*

शुक्रवारी अर्धी दुपार सुट्टी. केंद्राच्या व्हॅननं खापरी स्टेशनला सोडलं आणि तिथून मेट्रो. सुरुवातीला ती चक्क जमिनीवरून धावते, मग हळूहळू वर चढते, आणि रविवारी ज्या खांबांखालून आले त्यांच्या डोक्यावरून आम्ही गेलो. सीताबर्डीला दोन्ही मार्ग एकमेकांना भेटतात, तिथं उतरलो.

झिरो माईल बघायचं होतं. पोलिसांनी बॅरिकेड लावलेले. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चा अडवला होता आणि कसल्यातरी भत्त्याच्या घोषणा कानावर येत होत्या. वळसा घालून गेलो. चार दगडी घोडे आणि एक खांब. हाच देशाचा मध्य, असं सगळे सांगतात. बाई म्हणाल्या, "एवढंसंच?" आणि पर्स छातीशी धरून घोड्याशेजारी उभ्या राहिल्या, फोटो काढ म्हणून. मग दीक्षाभूमी. तिथं मात्र त्या चप्पल काढून किती तरी वेळ बसून होत्या, आम्ही दोघी बाहेर. 14 ऑक्टोबर 1956 ला त्यांचे आजोबा यवतमाळहून चालत आणि मिळेल त्या गाडीनं इथं आले होते. त्या मैदानात नक्की कुठं उभे होते ते त्यांना माहीत नाही, "पन इथंच कुठी तरी." येताना त्यांनी घुमटाकडं वळून एकदा पाहिलं आणि पुढं काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

बर्डीच्या बाजारात मी संत्री घेतली, दोन डझन. आंबिया बहाराची, सैल सालीची, नखानं निघणारी. ही संत्री आपल्याकडंही येतात पण तोवर त्यांचा जीव गेलेला असतो. संत्रा बर्फी घेतली, सासूबाईंना दातांचा त्रास आहे म्हणून मऊ बघून. आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून तर्री पोहे खाल्ले. पिवळे पोहे, त्यावर हरभऱ्याच्या तर्रीचा लाल पळीभर रस्सा, वर कच्चा कांदा. पोहेवाल्यानं कोल्हापूरचं नाव ऐकल्यावर "मंग तुमाले काय तिखट लागते जी," म्हणून दुसरी पळी ओतली. तांबड्या रश्शावर वाढलेली बाई मी, तरी नाक गळायला लागलं. हे मी कोल्हापुरात कुणाला सांगितलेलं नाही.

मोर्च्यामुळं परत यायला उशीर झाला. खापरीला व्हॅन निघून गेलेली. फाटकावर पोचलो तर दहा वाजून सात मिनिटं. वॉचमननं वही पुढं केली: नाव, खोली, उशिराचं कारण. बाईंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अधिवेशन'. त्यानं वाचलं, मान डोलावली आणि फाटक उघडलं.

*

शनिवारी परीक्षा झाली, सगळे पास झाले. अभिप्रायाच्या कागदावर एक ते पाच अंक लिहायचे होते. जेवणाला पाच, चहाला पाच, वर्गाला तीन. निवासाला किती द्यावेत यावर आम्ही तिघी अडलो. तक्रार केली तर त्या रिसेप्शनच्या पोराला बोलणी बसणार. आणि तिसरी कॉट टाकली नसती तर... शेवटी चार दिले, आणि खालच्या रेषेवर गीझर मोठा बसवावा असं लिहिलं.

मग प्रमाणपत्रं. या खेपेपासून ती मराठीत द्यायची ठरली होती. जाड कागद, सोनेरी किनार. माझं नाव पुकारलं: "श्री. ..." आणि पुकारणारे सर स्वतःच थांबले. हॉल हसला, जळगावच्या सरांनी तर टेबल वाजवलं. नवीन छापून कुरिअरनं पाठवतो, असं आश्वासन मिळालं. अजून आलेलं नाही. कुठल्या गोदामात 'अंडर प्रोसेस' आहे ते माहीत नाही.

खोलीत सामान भरताना यवतमाळच्या बाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, पर्समधून निळं पेन काढलं आणि 'श्री.'च्या पुढं, टिंबाला धक्का न लावता, नीट अक्षरात 'मती' लिहिलं. "घ्या. आता तुमी ऑफिशियली बाई."

घरी मी ते शोकेसमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा पारा चढला. "श्रीमती? सौभाग्यवती बाईला श्रीमती लावतात व्हय? हा काय हितं बसलाय की चांगला जिताजागता!"

नवऱ्यानं पेपर खाली न घेताच विचारलं, "मधे टिंब आहे ना आई?"

"आहे."

"तेवढा मी."